ढिगाऱ्याच्या कडेला काय उभं आहे?

दमास्कसच्या दक्षिण भागात यारमूक नावाची पॅलेस्टिनी निर्वासितांची वस्ती आहे. सिरियातलं युद्ध सुरू होण्यापूर्वी तिथे दीड लाखाच्या वर पॅलेस्टिनी राहत होते. २०१३ च्या जुलैपासून वस्तीला वेढा पडला आणि आत धान्य जाणं जवळजवळ थांबलं. ३१ जानेवारी २०१४ रोजी अन्नाची खोकी वाटायला थोडी मोकळीक मिळाली, तेव्हा तिथे एक फोटो काढला गेला. दोन्ही बाजूंना बहुमजली घरांचे राखाडी सांगाडे, सज्जे लोंबकळलेले. मधल्या रस्त्यावर अलीकडच्या टोकापासून पार धूसर होत गेलेल्या पलीकडच्या टोकापर्यंत नुसती माणसं. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने तो फेब्रुवारीच्या अखेरीस प्रसिद्ध केला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलला.

मग शंका सुरू झाल्या. गर्दीतली काही डोकी दोनदा चिकटवल्यासारखी वाटतात, उजेड चित्रपटातला वाटतो, एवढी माणसं एका गल्लीत मावतीलच कशी, असे आक्षेप निघाले. फोटो जरा जास्तच जमून आला होता, हीच त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार. उत्तर मिळालं ते त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर घेतलेल्या इतर फोटोंतून आणि चलचित्रणातून. तीच घरं, तेच लोंबणारे सज्जे, तीच गर्दी, वेगळ्या कोनांतून. फोटो अस्सल होता.

युद्धात उद्ध्वस्त झालेल्या घरांचा फोटो समोर आला की आपण ‘खरा की खोटा’ असं एका दमात विचारतो. खरं तर त्यात चार प्रश्न गुंतलेले असतात. चित्रात कोणी फेरफार केला आहे का? जागा सांगितली तीच आहे का? वेळ सांगितली तीच आहे का? आणि घर पडलं ते सांगितलेल्या कारणाने पडलं का? एखादा फोटो पहिल्या तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होऊन चौथीत नापास होऊ शकतो. उलटही घडतं. चित्रातला माणूस मुद्दाम उभा केलेला असतो आणि त्याच्या मागचा विध्वंस मात्र शंभर टक्के खरा असतो.

९ ऑक्टोबर १९४० रोजी लंडनमध्ये फ्रेड मॉर्ली या छायाचित्रकाराने काढलेला फोटो असाच आहे. जर्मन बॉम्बहल्ल्यात कोसळलेल्या घरांच्या विटांतून पाय सावरत एक दूधवाला बाटल्यांचा क्रेट घेऊन चालला आहे, मागे अग्निशमन दलाचे जवान नळ्या घेऊन उभे आहेत. दूधवाला खरा दूधवाला नव्हता, दूधवाल्याचा डगला घालून मॉर्लीच्या मदतनिसाला चालवलं होतं, असं आता सर्वसाधारणपणे मानलं जातं. नुसत्या पडक्या घरांचे फोटो सेन्सॉर अडवून धरी. लोकांचं मनोधैर्य खचेल ही भीती. पुढ्यात धीराने कामाला निघालेला माणूस ठेवला की तेच ढिगारे छापून येत. म्हणजे लबाडी होती, पण ती विध्वंस दाखवता यावा म्हणून केलेली. या फोटोला खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि निखळ खरा म्हणायलाही नाही. घरांच्या बाबतीत तो साक्षीदार आहे, दूधवाल्याच्या बाबतीत नाही, एवढंच म्हणता येईल.

त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या रात्री हर्बर्ट मेसनने ‘डेली मेल’च्या गच्चीवरून सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट धुरातून वर आलेला टिपला. वर्तमानपत्राने छापताना खालच्या बाजूची जळकी घरं बरीच कातरली. घुमट उठून दिसला आणि चित्राचा अर्थ ‘आम्ही टिकून आहोत’ असा झाला. जानेवारी १९४१ मध्ये एका जर्मन सचित्र साप्ताहिकाने हाच फोटो छापला, लंडन जळत असल्याचा पुरावा म्हणून. दोन्ही बाजूंनी एकच फोटो वापरला, एकाच रात्रीचा. कुठून कातरलं हे बघायचं असेल तर फोटोची पूर्ण चौकट शोधावी लागते, आणि ती शोधण्याची तसदी वाचक सहसा घेत नाही.

फेरफाराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण २००६ च्या लेबनॉन युद्धातलं. रॉयटर्ससाठी काम करणाऱ्या अदनान हाज या छायाचित्रकाराने ५ ऑगस्टला पाठवलेल्या बैरुतच्या फोटोत धुराचे लोट दाट केलेले होते. धुराचा एक तुकडा उचलून पुन्हा पुन्हा डकवल्यामुळे वळ्या हुबेहूब एकसारख्या दिसत होत्या. वाचकांनीच ते पकडलं. रॉयटर्सने फोटो मागे घेतला आणि हाजचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. त्याच सुमारास ढिगाऱ्यावर स्वच्छ खेळणी दिसणाऱ्या अनेक फोटोंवरही संशय घेतला गेला, कोणीतरी ती आणून ठेवली असतील म्हणून. ठेवलीही असतील. पण त्यातून एक विचित्र तर्क जन्माला आला: धूर वाढवलेला आहे, बाहुली मांडलेली आहे, तेव्हा घरं पडलीच नाहीत. बैरुतच्या दक्षिण उपनगरांतल्या इमारती खरोखर पडल्या होत्या. छायाचित्रकाराची लबाडी हा पत्रकारितेचा गुन्हा आहे, पण त्याने इमारत पुन्हा उभी राहत नाही.

प्रत्यक्षात असा चित्रातला फेरफार कमीच आढळतो. बहुतेक गोंधळ फोटोओळीत असतो. जुना, अस्सल, सन्मानाने काढलेला फोटो उचलायचा आणि खाली नवं गाव, नवी तारीख लिहायची. याला ना कौशल्य लागतं ना संगणक. २०१२ च्या मे महिन्यात सिरियातल्या हुला इथल्या हत्याकांडाच्या बातमीसोबत बीबीसीच्या संकेतस्थळावर एक फोटो लागला: पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या मृतदेहांच्या रांगा आणि त्यांवरून उडी मारणारा मुलगा. मार्को दि लाउरो या छायाचित्रकाराने तो पाहिला आणि खुर्चीतून उडालाच, कारण फोटो त्याने स्वतः २००३ मध्ये इराकमध्ये काढला होता. बीबीसीला तो एका कार्यकर्त्याकडून आल्याचं सांगितलं गेलं होतं. हुलाचं हत्याकांड घडलं होतं. फोटो मात्र तिथला नव्हता.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत हे सगळं प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेलं. गुजरातमधल्या हझीरा बंदरावर हल्ला झाल्याची चित्रफीत फिरली. ती जुलै २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाची असल्याचं पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी पथकाला सांगावं लागलं. २०२० चा बैरुत बंदराचा स्फोटही नव्या नावाने पुन्हा फिरला. याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी खरोखर घरं पडत होती, माणसं मरत होती. उसन्या चित्रांच्या गलबल्यात खऱ्या चित्रांकडेही लोक संशयानेच बघू लागले.

या प्रकाराला उतारा सोपा आहे. फोटो गूगल लेन्स, टिनआय किंवा यांडेक्ससारख्या शोधयंत्रात टाकायचा आणि त्याची सर्वांत जुनी प्रत कुठे सापडते ते पाहायचं. यांडेक्स इमारती ओळखण्यात अनेकदा सरस ठरतं. फोटो आडवा उलटवून, म्हणजे डावं उजवीकडे करूनही एकदा शोधावा, कारण ओळख लपवायला ही युक्ती नेहमी वापरतात. पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसली तर तिथेच सोक्षमोक्ष लागतो. आजच्या घटनेचा म्हणून फिरणारा फोटो तीन वर्षांपूर्वीच्या पानावर सापडला तर पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही. मात्र जुनी प्रत सापडली नाही म्हणून फोटो नवा ठरत नाही, हे लोक विसरतात. फोटोच्या फाइलमध्ये दडलेली तारीख आणि ठिकाण कामाला येईल म्हणावं, तर व्हॉट्सअॅप आणि बहुतेक समाजमाध्यमं ती माहिती वाटेतच पुसून टाकतात.

मग जागा कशी ठरवायची? इथे एक गोष्ट मनाला पटवून घ्यावी लागते. नजर आपोआप ढिगाऱ्याकडे जाते आणि ढिगारा जवळजवळ काहीच सांगत नाही. काँक्रीट, विटा, वाकलेले गज, धूळ. होम्स असो, मारियुपोल असो की गाझा, तुटल्यावर सगळं सारखंच दिसतं. ओळख पटते ती न पडलेल्या गोष्टींवरून. मशिदीचा मिनार, दिव्याचा खांब, दुकानाची अर्धी पाटी, पाण्याची टाकी, दूरच्या डोंगराची कड, वाहनाची नंबरप्लेट. युक्रेनमधल्या कितीतरी वस्त्यांत गॅसचे पिवळे नळ भिंतीबाहेरून, रस्त्यावर कमान करून गेलेले दिसतात. सिरियात आणि गाझात गच्चीवर टाक्यांची आणि टीव्हीच्या तबकड्यांची दाटी असते. एवढ्याने देश कळतो. गल्ली कळायला उपग्रहाचा नकाशा उघडून बसावं लागतं. मिनारापासून चौक किती लांब, चौकात रस्ते किती फुटतात, कोपऱ्यावरच्या इमारतीला सज्जे किती, असं एकेक जुळवत जायचं. तीन-चार स्वतंत्र खुणा एकाच कोनातून जुळल्या की जागा पक्की धरतात. बेलिंगकॅट या संस्थेने २०१४ पासून हे काम घरबसल्या करता येतं हे दाखवून दिलं. आता मोठ्या वृत्तपत्रांत त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत.

सोव्हिएत काळातल्या घरांनी मात्र या पद्धतीचा कस पाहिला आहे. एकाच नकाशावरून हजारो शहरांत एकसारख्या पाच आणि नऊ मजली इमारती उठल्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, खार्किवजवळच्या चुहुइव्ह गावात एका रहिवासी इमारतीवर मारा झाला. रक्ताने माखलेल्या पट्ट्या बांधलेल्या एका शिक्षिकेचा तिथला फोटो जगभर गेला. लगोलग दावा आला की हा फोटो २०१८ मधल्या गॅसस्फोटाचा आहे. तसा स्फोट झालाही होता: ३१ डिसेंबर २०१८ रोजी रशियातल्या मॅग्निटोगोर्स्कमध्ये रहिवासी इमारतीचा एक भाग कोसळून ३९ माणसं मेली. परंतु चुहुइव्हच्या त्या बाईचे त्याच सकाळी वेगवेगळ्या छायाचित्रकारांनी वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले होते आणि २०१८ च्या एकाही चित्रात ती सापडत नव्हती. इथे खोटी ठरली ती तपासणीच. यारमूकच्या फोटोसारखंच हेही प्रकरण सुटलं ते दुसऱ्या कॅमेऱ्यामुळे. एकाच ठिकाणची, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी काढलेली दोन-तीन चित्रं हाती असतील, तर मी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा त्यांच्यावर जास्त भिस्त ठेवीन.

वेळेचा प्रश्न जागेपेक्षा अवघड असतो. जागा कळली की सावल्या कामाला येतात: उभ्या खांबाची सावली कुठे आणि किती लांब पडली यावरून सूर्याची दिशा आणि उंची निघते, आणि सनकॅल्कसारखी साधनं त्या ठिकाणी सूर्य कुठल्या तासाला तिथे होता ते सांगतात. तारीख कळायला मात्र सावली पुरत नाही, कारण वर्षातून दोनदा सूर्य तीच वाट चालतो. मग झाडं बघायची: पालवी आहे की पानगळ, रस्त्यावर बर्फ आहे का, माणसांच्या अंगावर स्वेटर आहेत का. ढिगाऱ्यातून गवत वर आलेलं असेल तर तो कालचा नाही. ताज्या तुटलेल्या काँक्रीटची कड उजळ असते. पाऊस आणि धूळ खाऊन ती काळवंडते, उघड्या पडलेल्या गजांचा गंज ओघळून खाली येतो.

जगप्रसिद्ध फोटोही इथे फसवतात. ड्रेस्डेनचा फोटो अनेकांनी पाहिला असेल: नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचा दगडी पुतळा हात पसरून खालच्या उद्ध्वस्त शहराकडे झुकला आहे. रिचर्ड पीटरने तो काढला. बॉम्बहल्ला १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ चा; पीटर शहरात परतला तोच मुळी सप्टेंबरमध्ये. म्हणजे हल्ल्याचा म्हणून दाखवला जाणारा हा फोटो किमान सात महिन्यांनंतरचा आहे, आणि नीट पाहिलं तर रस्त्यांवरचा राडारोडा हलवलेला दिसतो. पुतळाही बहुतेकांना वाटतो तसा देवदूताचा नसून सद्भावनेचं प्रतीक म्हणून घडवलेला आहे. फोटो खोटा आहे का? मुळीच नाही. पण ‘त्या रात्री’चा पुरावा म्हणून तो दाखवता येणार नाही.

फोटोंचा क्रम लावण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न घरांच्या नव्हे, तोफगोळ्यांच्या फोटोंवर झाला. रॉजर फेंटनने १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात एका ओसाड घळीचे एकाच जागेवरून दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्यावर पसरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. आधीचा कुठला? गोळे नंतर उचलून नेले, की चित्र भीषण दिसावं म्हणून आणून पसरले? सावल्यांवरून वाद मिटेना. माहितीपटकार एरॉल मॉरिसने २००७ मध्ये हा प्रश्न धसास लावला, आणि उत्तर दिलं ते उतारावरच्या चिल्लर दगडांनी. माणसांच्या पायांनी ढकलले जाऊन ते दगड खालीच सरकणार, वर चढणार नाहीत. आणि गोळे पसरलेल्या फोटोत ते अधिक खाली होते. म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. दीडशे वर्षं सगळे तोफगोळ्यांकडे बघत राहिले, आणि निकाल लागला ज्यांच्याकडे फेंटननेही लक्ष दिलं नसेल अशा खड्यांवरून.

चौथा प्रश्न, घर कशाने पडलं, हा सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. भूकंपाचे ढिगारे युद्धाचे म्हणून खपवणं नेहमीचं आहे, आणि जाणकारही त्यात सापडतात. २००८ मध्ये शॉन मॅलॉय या अमेरिकी इतिहासकाराने हिरोशिमाचे म्हणून काही अप्रकाशित फोटो प्रसिद्ध केले. स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेच्या संग्रहात ते होते, एका अमेरिकी सैनिकाकडून आलेले. फ्रान्सच्या ‘ल माँद’नेही ते छापले. त्यातली चित्रं १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतरची निघाली आणि मॅलॉयने दावा मागे घेतला. जपान खरा, प्रेतं खरी, भाजलेलं शहर खरं. फक्त बावीस वर्षं आधीचं.

भूकंपात जमीन आडवी हलते. खांब आणि तुळया यांचे सांधे निखळतात आणि सगळे स्लॅब भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकमेकांवर बसतात. तळमजल्यावर दुकानं किंवा मोकळं पार्किंग असेल तर नुसता तळमजला चिरडतो आणि वरचे मजले पडद्यांसकट खाली येऊन बसतात. जी इमारत उभी राहते तिच्या दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर फुलीच्या आकाराच्या भेगा दिसतात. काजळी सहसा नसते, भिंतींवर तुकड्यांचे वण नसतात.

तोफगोळ्याचं घर वेगळं दिसतं. भिंतीला एका जागी भगदाड, भोवती फुटलेल्या गोळ्याच्या तुकड्यांनी पाडलेली बारीक छिद्रं, समोरच्या घरालाही तीच छिद्रं. रस्त्यावर फुटला तर डांबरात उथळ खड्डा आणि त्याभोवती ओरखडे. ओरखड्यांच्या रचनेवरून गोळा कुठून आला याचा अंदाज तज्ज्ञ बांधतात. विमानातून टाकलेला मोठा बॉम्ब छतं भेदून खाली जाऊन फुटला तर अख्खी इमारत स्वतःतच कोसळते, आणि त्या वेळी ती भूकंपाने पडल्यासारखीच दिसते. तेव्हा शेजारचं घर बघायचं. त्याची दर्शनी भिंत सोलून निघालेली असेल, पलंग आणि कपाट उघड्यावर आले असतील आणि पलीकडची तिसरी इमारत नुसत्या काचा गमावून उभी असेल, तर दाब एका बिंदूपासून पसरला. भूकंप असा बिंदू निवडत नाही. गॅसस्फोटात दाब आत तयार होतो. भिंती बाहेर फेकल्या जातात, एका जिन्याभोवतीच्या खोल्या कोसळतात, पण बाहेर खड्डा नसतो आणि समोरच्या भिंतींवर वण नसतात. अर्थात २०२३ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपाने अलेप्पोत अशीही घरं पाडली जी युद्धात आधीच खिळखिळी झाली होती. त्यांची जबाबदारी कोणाच्या खात्यावर टाकायची हे फोटो सांगणार नाही.

आगीची खूण निराळी. भिंती उभ्या, छप्पर गेलेलं, आणि प्रत्येक खिडकीच्या वरच्या कडेला काजळीचा पट्टा. बोस्नियात हे दृश्य गावोगाव होतं. १६ एप्रिल १९९३ रोजी अहमिची गावात क्रोएट सैनिकांनी मुस्लिमांची घरं एकेक करून पेटवली. शंभरावर माणसं मारली गेली. तिथल्या एकट्या जळक्या घराच्या फोटोतून एवढंच कळेल की घर जळलं. चौकट रुंद केली की मधूनमधून शाबूत, कौलारू, पडद्यांसकट उभी असलेली क्रोएट कुटुंबांची घरं दिसतात, आणि मग हे दोन सैन्यांच्या लढाईत सापडलेलं गाव नाही हे ध्यानात येतं. हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणात अहमिचीवर स्वतंत्र खटले चालले. तिथेही न पडलेल्या घरांनी पडलेल्या घरांइतकीच साक्ष दिली.

आणि काही घरं युद्धात पडतात, पण बॉम्बने नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये दाखवून दिलं की सिरियाच्या सरकारने दमास्कस आणि हमा इथल्या वस्त्या २०१२ आणि २०१३ मध्ये सुरुंग आणि बुलडोझर लावून सपाट केल्या. किमान १४० हेक्टर. सरकारचं म्हणणं, अनधिकृत बांधकामं पाडली. हमातल्या मशा अल-अरबईन या वस्तीची आधीची आणि नंतरची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली की आधी घरांचे दाट ठोकळे आणि नंतर सपाट मैदान दिसतं. बॉम्बहल्ल्यात असं होत नाही. काही भिंती उभ्या राहतात, काही घरं वाचतात, खड्डे वेडेवाकडे पडतात. इथे मशीन फिरवल्याचे माग होते. पाडल्या गेलेल्या वस्त्या सरकारविरोधकांच्या होत्या, त्यांच्या पलीकडची सरकार-समर्थक वस्तीतली तितकीच अनधिकृत बांधकामं शाबूत होती, हे संस्थेने नोंदवलं. म्हणजे ‘बॉम्बहल्ल्यात नष्ट झालेली घरं’ अशी फोटोओळ चूक ठरली असती, आणि म्हणून फोटो खोटा ठरवला असता तर ती त्याहून मोठी चूक.

मुंबईकरांना याचं एक उलटं उदाहरण घरातच आहे. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. गोदीलगतच्या वस्तीत आगीचा भडका उडाला, हजारो लोक बेघर झाले. जपानी विमानं आली असं पहिल्यांदा अनेकांना वाटलं. ब्रिटिश सरकारने तपशील महिनाभर दाबून ठेवला आणि जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी बातमी फोडली. त्या आगीचे फोटो आज कोणी ‘दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेली मुंबई’ म्हणून दाखवले तर वर्ष बरोबर, शहर बरोबर, युद्धही चालू होतं, दारूगोळाही युद्धाचाच होता. शत्रूचा हल्ला मात्र झाला नव्हता.

संगणकाने घडवलेल्या चित्रांबद्दल आता सगळ्यात जास्त चिंता व्यक्त होते. २०२३ मध्ये अॅडोबच्या चित्रविक्रीच्या दालनात गाझाच्या युद्धाची कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं विक्रीला होती आणि काही संकेतस्थळांनी ती खुलासा न करता वापरलीही. मे २०२४ मध्ये रफाहच्या तंबूंचं असंच एक बनवलेलं चित्र इन्स्टाग्रामवर चार कोटींहून अधिक वेळा पुढे गेलं. त्यातले तंबू अक्षरं होतील असे रचलेले होते, त्यामुळे कोणी फसलं असेल असं वाटत नाही. बोटं मोजून अशी चित्रं ओळखण्याचे दिवस संपत आले. मी अजून ढिगाऱ्याचा पोत बघतो. खऱ्या पडक्या घरात घर असतं: गादी, कुकरचं झाकण, दाराची चौकट, शाळेची वही, वायरींचा गुंता, फरशीच्या दोन वेगळ्या रंगांचे तुकडे. यंत्राचा ढिगारा बहुधा एकजात राखाडी चुरा असतो, आणि मागच्या इमारतीच्या खिडक्या एका मजल्यावर एक आणि दुसऱ्यावर भलत्याच रांगेत. ही खूणही फार काळ टिकणार नाही. यंत्राला अजून न जमणारी गोष्ट म्हणजे त्याच गल्लीचा तिसऱ्या माणसाने काढलेला, उपग्रहाच्या चित्राशी जुळणारा दुसरा फोटो.

उपग्रहांनी या कामाचा पायाच बदलला आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहांवरचं रडार ढगातून आणि रात्रीही जमीन वाचतं. उभ्या इमारतीवरून परतणाऱ्या लहरी दर फेरीला जवळजवळ तशाच येतात, इमारत पडली की बिघडतात. कोरी शेर आणि जेमन व्हॅन डेन होक हे दोन अमेरिकी संशोधक या पद्धतीने गाझातल्या पडझडीचे नकाशे बनवत आले आहेत. जिनिव्हातला संयुक्त राष्ट्रांचा उपग्रह विभाग तीक्ष्ण चित्रांवरून एकेक इमारत नष्ट, गंभीर नुकसान, मध्यम नुकसान अशा श्रेण्यांत घालतो. वरून बघण्याची एक खोट आहे: छप्पर शाबूत असलेलं, पण आतून जळून कोळसा झालेलं घर उपग्रहाला धडधाकट वाटतं. आणि काय दिसावं हेही राजकारण ठरवतं. अमेरिकेने १९९० च्या दशकात केलेल्या एका कायद्यामुळे इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्रदेशांची चित्रं अमेरिकी कंपन्यांना २०२० पर्यंत दोन मीटरपेक्षा स्पष्ट विकता येत नव्हती. गाझाची घरं तोवर नकाशावर धुरकट होती ती धुळीमुळे नव्हे.

हे सगळं बाहेरून बघणाऱ्यांचं झालं. ज्याचं घर पडलं त्याच्यासाठी फोटो हा कागदपत्राचा भाग असतो. युक्रेनसाठी युरोप परिषदेने २०२३ मध्ये हेग इथे नुकसानीची नोंदवही उघडली आणि २ एप्रिल २०२४ पासून अर्ज घ्यायला सुरुवात केली. पहिला प्रकार घरांच्या नुकसानीचाच. अर्ज ‘दिया’ या सरकारी अॅपवरून करायचा असतो. अशा फाइलसाठी फोटो काढताना लोक साहजिकच ढिगाऱ्याजवळ जातात, तुटलेल्या स्वयंपाकघराचा, चिरडलेल्या कपाटाचा जवळून फोटो घेतात. तपासणाऱ्याला त्याचा उपयोग कमी. त्याला हवा असतो रस्त्याच्या पलीकडून घेतलेला कंटाळवाणा फोटो, ज्यात घर क्रमांकाची पाटी, शेजारच्या दोन इमारती, विजेचा खांब आणि कोपऱ्यावरचं दुकान येतं. मग तोच चारही बाजूंनी, आणि शक्य असेल तर घर उभं असतानाचा एखादा जुना, लग्नाचा किंवा वाढदिवसाचा, ज्यात मागे तीच खिडकी दिसते. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवायची आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवायची नाही.